अर्धी बंदूक

"हात धुतलेत का?"

दार उघडल्यावर माणूस 'या' म्हणतो, 'बसा' म्हणतो, निदान 'कोण पाहिजे?' एवढं तरी विचारतो. आमच्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे हे गृहस्थ दार अर्धवट उघडून तुमच्या चेहऱ्याकडे न बघता तुमच्या हातांकडे बघायचे आणि हे विचारायचे. कुरियरवाल्याला विचारायचे, गॅसवाल्याला विचारायचे, आणि मेन्टेनन्सची पावती घेऊन गेलेल्या मला, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीलाही विचारायचे. करोनाच्या काळात साऱ्या जगाने हाच प्रश्न धरला, तेव्हा मला जिन्यात गाठून म्हणाले, "बघा सेक्रेटरी, मी कधीपासून सांगतोय!" जसं काही जगाने त्यांचंच ऐकून हात धुवायला घेतले होते.

त्यांच्या घरात जुन्या बंदुका होत्या. माणसाच्या घामात मीठ असतं, घामेजल्या बोटाचा ठसा लोखंडावर राहिला की त्याच ठशाच्या आकाराचा गंज चढतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे, मी नंतर पाहिलं. पण पावती द्यायला आलेला माणूस बंदुकीला हात लावणारच आहे, हे त्यांनी कशावरून ठरवलं होतं, देव जाणे.

तुम्हीही छांदिष्ट माणसं पाहिली असतील. कुणी टपालाची तिकिटं जमवतो, कुणी नाणी, कुणी काडेपेट्या. अशा छंदांचा शेजाऱ्यांना उपद्रव नसतो. तिकिटांचा आल्बम घेऊन कुणी लिफ्टमध्ये शिरला तर बाकीचे किंचाळत नाहीत. हे गृहस्थ एकदा बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक उराशी धरून लिफ्टमध्ये शिरले. पाचव्या मजल्यावरच्या गुजराती भाभींनी भाबडेपणाने विचारलं, "अंकल, सितार है क्या?" आणि यांनी तितक्याच भाबडेपणाने सांगितलं, "नाही, बंदूक." भाभी पहिल्या मजल्यावर उतरून जिन्याने पाचवा चढल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान माझ्या दारात. "सेक्रेटरीसाब, ये क्या चल रहा है बिल्डिंग में?"

काय सांगणार? बँकेत अधिकारी होते, गिरगावातली खोली विकून निवृत्तीनंतर मीरा रोडला आले, माणूस सज्जन आहे, कागदपत्रं चोख आहेत. हे सगळं मी दर वार्षिक सभेत सांगत आलो. सभेत विषय निघाला की ते स्वतः उभे राहायचे आणि सभासदांची भीती जावी म्हणून बंदुकीची माहिती सांगायला लागायचे. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू नि गोळी आत ठासायची. तोड्याची म्हणजे त्याच्याही आधीची, जळती दोरी लावून बत्ती द्यायची. भीती होती त्याहून वाढायची.

संग्रह म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही नव्हता. सासऱ्यांकडून वारसाहक्काने आलेली एक ठासणीची बंदूक, रीतसर परवान्याची. घोडा तुटलेलं एक चकमकीचं पिस्तूल, ज्यातून आता पेरूची बीसुद्धा उडाली नसती. आणि तिसरं, एका तोड्याच्या बंदुकीचं नुसतं लाकूड. नळी नाहीच. भाईंदरच्या एका भंगारवाल्याकडे पाडलेल्या घराच्या दारंखिडक्यांबरोबर ते पडलं होतं. यांनी ते उचललं, घरी आणलं, आणि जवसाचं तेल चोळत बसले. त्या तेलाचा वास तीन मजले वर आणि तीन मजले खाली. माझ्याकडे तक्रारी. मी गेलो तर म्हणाले, "लाकूड तहानलेलं आहे हो. जरा पिऊ द्या त्याला."

निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं चौकीत जमा करावी लागतात. लोक जमा करतात, पावती घेतात, निकालानंतर परत आणतात. हे रोज चौकीत जायचे. बंदूक कशी आहे बघायला, जसं कुणी दवाखान्यात माणसाला भेटायला जावं. ती भिंतीला टेकवली आहे, भिंतीला ओल आहे, ओलीपासून लांब ठेवा, खाली पाट द्या. एका हवालदाराने ती उचलून दुसरीकडे ठेवायला घेतली तर त्याला विचारलं, "हात धुतलेत का?" मला चौकीतून फोन आला. "साहेब, तुमच्या सोसायटीचे ना हे? यांना जरा घेऊन जा. आम्हाला बंदोबस्त आहे हो." मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेलो. वाटेत रिक्षात म्हणाले, "पाट दिला त्यांनी. माणसं चांगली आहेत." रजेचं त्यांच्या लेखी काही नव्हतंच.

पण माझी खरी साडेसाती सुरू झाली ती त्या लाकडापायी. भंगारवाल्याने सांगितलं होतं की ते जवळच्या खारी गावातल्या कुठल्याशा घरातलं. झालं. लाकूड खारीचं, तर नळीही खारीतच असणार, असं यांनी ठरवलं. त्यांना स्कूटर चालवता येत नव्हती. मला येत होती.

खारी गाव आता टॉवरांच्या मधे सापडलंय. आत शिरलं की गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून म्हैस आली तर स्कूटरला मागे यावं लागतं. आम्ही घरोघर विचारत हिंडलो. "जुनी बंदूक आहे का घरात?" असं अनोळखी माणसाने विचारल्यावर लोक ज्या नजरेने बघतात, ती मी त्या महिन्यात पुरेपूर अनुभवली. दोन ठिकाणी आम्हाला पोलीस समजले, एका ठिकाणी बिल्डरची माणसं समजून शिव्या घातल्या. मी म्हटलं, "झालं एवढं पुरे, चला." ते म्हणाले, "ती शेवटची गल्ली राहिली."

शेवटच्या गल्लीत एक म्हातारी मागच्या दाराशी सुकट निवडत बसली होती, आणि त्या दाराला अडसर म्हणून बंदुकीची नळी लावलेली होती.

गृहस्थ जागच्या जागी थांबले. माझा दंड धरला. सत्तरीच्या माणसाच्या हाताला एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

म्हातारीने सगळं सांगितलं, न विचारता. "माजा सासरा मेला तवा दोन भावांची वाटनी झाली. घर वाटलं, भांडी वाटली, जालीसुदा कापून वाटली. बंदूक कोनाला द्याची? ज्याला देशील तो दुसऱ्याला मारील. मंग पंच बोलले, नली मोठ्याला, लाकूड धाकल्याला. म्हंजी कोन कोनाला मारनार न्हाय."

आता भाऊबंदकीत लोकांनी काय काय वाटून घेतलंय हे तुम्ही ऐकलं असेल. विहिरीचं पाणी, आंब्याची फांदी. पण बंदुकीचे दोन तुकडे करून एकेक वाटून घेतल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो. पंच शहाणे म्हणायचे. दोन्ही भाऊ वय होऊन बिछान्यात गेले.

गृहस्थांनी विचारलं, "मावशी, लाकूड माझ्याकडे आहे. नळी द्याल? म्हणाल ती किंमत..."

"न्हाय."

"निदान एकदा बसवून बघू?"

"न्हाय बोलले ना. नली माजी हाय. वाटनीत आयली हाय."

तेव्हा त्यांनी वेगळंच विचारलं. "मग तेल तरी लावू का?"

म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघितलं. मागच्या बाजूला पूर्वीची मिठागरं, तिथून येणारा वारा खारट. नळीवर गंजाचे पोपडे धरले होते. "लाव," ती म्हणाली. "त्याला काय पैसं पडतात?"

खिशात हात घालून त्यांनी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली काढली. ती ते कायम जवळ बाळगायचे, दुसरा माणूस चष्म्याचं पुसणं बाळगतो तशी. बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, "मावशी, हात कुठे धुऊ?"

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार माझा राहिला नाही. माझी बायको म्हणायची, "जा, तेलपाणी करायला जा." मी रस्ताभर धुमसत जायचो. तिथे गेल्यावर ते नळी मांडीवर घेऊन बसायचे, मऊ चिंधीने पुसायचे, तेलाचा थेंब टाकून बारीक तारेच्या जाळीने नखाएवढी जागा हळूहळू घासायचे. एका रविवारी एवढीशी जागा. मी एकदा वैतागून म्हटलं, "काचपेपर मारा ना, अर्ध्या तासात लख्ख होईल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच जणू म्हातारीला काचपेपर मारायला सांगितलं होतं. "गंज काढायचा, कातडी नाही सोलायची," ते म्हणाले. वरचा तो काळसर तांबूस थर म्हणजे लोखंडाची कातडी, तो जपायचा असतो, असं त्यांचं शास्त्र. म्हातारी चहा आणून द्यायची. त्यांना बशीत, मला कपात. मी पाहुणा, ते घरचे.

"लाकूड घेऊन येऊ ना पुढच्या खेपेला," मी म्हणायचो. "तिला पटवतो मी. एकदा बसवून टाकू आणि मोकळे होऊ."

"बघू. लोखंडाला घाई चालत नाही."

आणि मी पुन्हा पुढच्या महिन्यात पेट्रोल टाकायचो.

मग आला तो दसरा. म्हातारी दरवर्षी नळीची पूजा करायची, वर पाण्याचा हात फिरवून ओलं हळदकुंकू लावायची. यांच्या जिवाची घालमेल व्हायची, पण देवाच्या कामात बोलणार कसं? पूजा आटोपली रे आटोपली की ते चिंधी घेऊन टपलेले असायचे. त्या वर्षी मात्र तिकडे बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या आणि अधूनमधून येणाऱ्या म्हातारीच्या नातसुनेने पूजेसाठी घरातलं सगळं लोखंड नटवायचं मनावर घेतलं. कोयता, विळी, कुऱ्हाड आणि ही नळी. तिने नळी चांगली घासून तिला चंदेरी रंग मारला. खिडकीच्या ग्रिलला मारतात तो. बिचारीने वर झेंडूची माळही घातली होती.

आम्ही गेलो तेव्हा नळी उन्हात चमचमत होती. ते ओट्यावर बसले. मला वाटलं, आता ह्यांना काहीतरी होणार. नातसून हसत बाहेर आली. "काका, कशी दिसतेय? एकदम नवी वाटतेय ना?"

मी तोंड उघडणार होतो. माझ्या तोंडात काय काय होतं ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात हेच म्हणाले, "छान दिसतेय हो पोरी. मेहनत घेतलीस." आणि ती आत गेल्यावर माझ्याकडे वळून हळूच, "सेक्रेटरी, दिवाळीपर्यंतचे रविवार मोकळे ठेवा."

दिवाळी होऊन गेली, नाताळ होऊन गेला. रंग नखानखाने निघत होता. म्हातारी समोर बसून बघायची. एकदा नातसून चहा ठेवता ठेवता नळीला टेकली, तर म्हातारी केवढ्यांदा ओरडली. मला त्या पोरीचीच दया आली. रंग निघाला तेव्हा खालची कातडी बरीचशी गेलेली होती. त्यांनी ती जागा बोटाने नाही, चिंधीने चाचपली आणि म्हणाले, "येईल पुन्हा. वीसपंचवीस वर्षांत येईल." स्वतःच्या छातीत तेव्हा डॉक्टरांनी दोन ठिकाणी अडथळा सांगितला होता.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. सकाळी चहा झाला, वर्तमानपत्र झालं, आणि खुर्चीत बसल्या बसल्याच. मी धावत तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार सताड उघडं होतं. आत शिरताना माझी पावलं उंबऱ्याशी अडली, कारण हातांचं कुणी विचारलं नाही. मला तिथेच रडू आलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या नावाने बोटं मोडली, त्याच्यासाठी असं रडू येईल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती.

परवान्याची बंदूक आणि पिस्तूल नियमाप्रमाणे चौकीत गेलं. लाकूड राहिलं. लाकडाचं कुणालाच काही नव्हतं. काकू म्हणाल्या, "तुम्हीच न्या." त्यांनी ते लुगड्यात बांधून दिलं आणि मी लिफ्टमध्ये शिरलो. पाचव्या मजल्यावरच्या भाभी आत होत्या. त्यांनी गुंडाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि यावेळी उतरल्या नाहीत. "अंकल का है ना?" एवढंच म्हणाल्या.

ठरवलं होतं की आज म्हातारीच्या पाया पडेन, पण लाकूड नि नळी एकदा जोडून बघेन. त्या माणसाचं एवढंच एक राहिलं होतं.

म्हातारी मागच्या दारातच होती. "एकलाच आयलास? तेलवाला कुटं हाय?"

मी सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. पदराने डोळे पुसून तिने लुगड्याकडे बोट केलं. मी लुगडं सोडून लाकूड दाखवलं आणि म्हटलं, "मावशी, एकदा बसवू द्या. त्यांच्यासाठी."

"बसव," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी लाकूड मांडीवर धरलं. नळी उचलून खोबणीत ठेवली. बसेना. दाबली, फिरवली, उलटी करून बघितली. नळी खोबणीपेक्षा चांगली करंगळीभर जाड होती. कडीची भोकंही भलतीकडेच. ही नळी ह्या लाकडाची नव्हतीच. कधीच नव्हती.

"न्हाय बसायची ती," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आमच्या बंदुकीचं लाकूड माज्या जावंनी केवाच जाललं. भांडान झालं तवा, माज्या डोल्यांदेखत चुलीत घातलं."

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तं आयला आसता का तो?" ती म्हणाली. "नली दिली आसती तरी न्हाय आयला आसता. माज्या दारान कोन येतंय आता? सगली तिकडं बिल्डिंगीन गेली."

लाकूड तिथेच टाकून, नुसतं लुगडं घेऊन मी तणतणत परत आलो आणि तसाच काकूंकडे गेलो. त्यांना सांगितलं, अहो, केवढी फसवणूक, एवढी वर्षं म्हातारीने आपल्याला खेळवलं, लाकूड त्या बंदुकीचं नाहीच!

काकूंना आश्चर्य वाटलं नाही. "ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "खारीहून आले ते दोऱ्याला गाठ मारून नळीचं माप घेऊन आले. खोबणीत धरून बघितलं. रात्री जेवले नाहीत."

"मग जात कशाला होते?"

"मीही हेच विचारलं. म्हणाले, लाकडाचं निमित्त आहे तोवर ती मला नळीला हात लावू देते. मी गेलो नाही तर खाऱ्या वाऱ्याने ती वर्षा-दोन वर्षांत संपेल. आपली नसली म्हणून काय झालं, गंजू द्यायची?"

"मला तरी सांगायचं!"

"तुम्ही आला असतात का स्कूटर घेऊन?"

नसतो आलो. हे मी काकूंना म्हटलं नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. म्हणजे बघा, त्यांना माहीत होतं, म्हातारीला माहीत होतं, काकूंना माहीत होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मला, पेट्रोल टाकणाऱ्याला. दोन म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांना फसवत ठेवलं आणि दोघांनी मिळून मला.

संतापाच्या भरात मी ठरवलं, खारीचा विषय संपला. महिना गेला. रविवार उजाडला तसा मी आपला घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. बायको म्हणाली, "थंडी पडलीय, दव पडतंय रात्रीचं." एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला लागली. मी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली शोधली. ती काकूंनी लाकडाबरोबर लुगड्याच्याच पदरात बांधून दिली होती.

खारीत पोहोचलो तेव्हा नळी अडसराच्या जागी नव्हती. म्हातारीने ती आत घेतली होती, भिंतीपासून लांब, पाटावर. शेजारी ते दुसऱ्याच कुठल्यातरी बंदुकीचं लाकूड. मी खाली बसलो, चिंधी काढली, आणि नळीला हात घालणार तोच म्हातारी चुलीजवळून ओरडली.

"थांब रं! हात धुवलंस का?"

मी उठलो आणि मोरीत गेलो.